काळ्या मातीवरचा ६.४ किलोमीटर रस्ता : दुरुस्तीच्या नोंदी

२८ नोव्हेंबर

आज सगळा रस्ता पायी चाललो. पाथरी तालुक्यातला ग्रामीण रस्ता, लांबी ६.४ किलोमीटर, डांबरी रुंदी ३.७५ मीटर. दोन्ही बाजूंना ऊस आणि वेचणीला आलेला कापूस. मुकादममामा सोबत होते, हातात चुन्याची पिशवी. मी खड्डा दाखवायचो, ते भोवती चुन्याची रेघ मारायचे.

खड्डे १३७ मोजले, पण मला काळजी खड्ड्यांची वाटली नाही. साखळी २/१०० पासून ३/००० पर्यंत (म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून २ किलोमीटर १०० मीटर ते ३ किलोमीटर) रस्त्याच्या कडेपासून मीटर-सव्वा मीटर आत एक लांब भेग चालली आहे, कडेला समांतर, जणू कुणी दोरी धरून आखली. काही ठिकाणी तिच्यात माझी करंगळी गेली. ही भेग गाड्यांनी पडत नाही. रस्त्याच्या मधोमध खालच्या मातीतली ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र उन्हाळ्यात वाळून आक्रसते आणि पावसाळ्यात फुगते. मधला भाग जागेवर, कडेचा भाग वर-खाली, आणि दोघांच्या सांध्यावर डांबर फाटतं. जिथं कडेला बाभळी आहेत तिथं भेग जास्त रुंद आहे, कारण झाडं उन्हाळ्यात मातीतली उरलीसुरली ओलही ओढून घेतात.

अंदाजपत्रकात मात्र "खड्डे भरणे व नूतनीकरण" एवढंच आहे. भेगेचा शब्दसुद्धा नाही.

२ डिसेंबर

चार ठिकाणी चाचणी खड्डे घेतले. सगळ्यात बोलका निघाला साखळी २/६५० चा. इथं गेल्या वर्षी खड्डा भरला होता आणि तो पुन्हा पडला. वरचा डांबराचा थर उचलला, खाली खडी, खाली मुरूम. मुरूम हातात घेऊन मूठ दाबली तर बोटांच्या फटीतून पाणी आलं. पाऊस थांबून दीड महिना झालाय आणि रस्त्याच्या पोटात अजून पाणी आहे. त्याखाली काळी माती, टिकावाला चिकटून येणारी.

डीसीपी लावला, म्हणजे खालची माती किती घट्ट आहे ते मोजायची सळई. आठ किलोचा हातोडा ५७५ मिलिमीटरवरून सोडायचा आणि दर ठोक्याला सळई किती खाली जाते ते मोजायचं, साधं यंत्र. कोरड्या टापूत, साखळी ५/२०० ला, एका ठोक्याला २२ मिलिमीटर. इथं ९० मिलिमीटर. म्हणजे सीबीआर, मातीची भार पेलायची ताकद, अडीच टक्क्यांच्या आसपास. यावर वरून कितीही चांगलं डांबर घातलं तरी ते चिखलावर अंथरलेल्या सतरंजीसारखं राहणार.

पाणी कुठून आलं ते शोधायला साइडपट्टीवरून वाकून चाललो. साइडपट्टी रस्त्यापेक्षा बोटभर उंच झाली आहे. दरवर्षी गवत, माती, उसाच्या पाचटाचा कचरा साचून ती वर आली. पावसाचं पाणी रस्त्यावरून उतरून चारीत जायला हवं, ते कडेलाच अडतं आणि भेगेतून आत उतरतं. चारी तर शेताला शेत लागून बुजून गेली आहे. आणि साखळी २/७०० ची नळमोरी, रस्त्याखालून पाणी पलीकडं नेणारा पाइप, दिसतच नव्हती. मुकादममामांनी काठीनं झुडूप बाजूला केलं तेव्हा पाइपाचा वरचा काठ दिसला.

५ डिसेंबर

मुक्त फुगवटा चाचणी. ही मला स्वतःला करायला आवडते, म्हणून प्रयोगशाळेत पाठवण्याआधी खोलीवरच केली. वाळवून चाळलेली माती, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली, दोन वाटे दहा-दहा ग्रॅमचे. दोन मोजपात्रं. एकात रॉकेल, दुसऱ्यात डिस्टिल्ड पाणी. काडीनं ढवळून हवेचे बुडबुडे काढले आणि खिडकीत ठेवून दिलं.

रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून तो आपला मापदंड. चोवीस तासांनी रॉकेलातली माती ११ मिलिलिटरच्या रेघेवर होती, पाण्यातली २१ वर. तीच माती, तेवढंच वजन. फुगवटा ९१ टक्के. रस्त्याच्या भरावाला ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती चालत नाही.

गुत्तेदाराला फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "ही दोन्ही एकच माती आहे का?" दोन्ही एकाच पाटीतली, म्हणून सांगितलं. मग थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. "काय करायचं ते लिहून द्या, मी वर घेऊन जातो," म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी आठवडाभर थांबलो होतो.

९ डिसेंबर

आज काम कमी, बोलणं जास्त. नव्यानं रुजू झालेला डिप्लोमाचा पोरगा विचारत होता, "सर, तुम्ही लडाखला होतात ना? तिथं बर्फानं रस्ते फुटतात म्हणे. आपल्याकडं तर बर्फ नाही, मग आपले का फुटतात?"

प्रश्न चांगला आहे, म्हणून इथं नीट लिहून ठेवतो.

२०१६ आणि २०१७ चे दोन हंगाम मी लेह-मनाली मार्गावर एका खाजगी तुकडीबरोबर होतो. टांगलांग ला खिंडीच्या अलीकडे, सावलीतल्या एका वळणावर, मे महिन्यात रस्ता वीतभर वर आलेला दिसला. मधोमध उंचवटा आणि त्याच्या माथ्यावर भेगा. जेसीबीनं कडा कापली तर मातीत आडव्या बर्फाच्या पट्ट्या होत्या. काही नखाएवढ्या जाड, काही बोटाएवढ्या, काचेसारख्या स्वच्छ. दोन पट्ट्यांच्या मधली माती मात्र कोरडी, विटेसारखी घट्ट. मला आधी वाटायचं की मातीतलं पाणी गोठतं, नऊ टक्के फुगतं आणि रस्ता उचलतं. पण नऊ टक्क्यांनी वीतभर उंचवटा येत नाही. गोठण जिथं थांबलेली असते त्या पातळीला बर्फ खालचं पाणी ओढून घेतो, दिव्याची वात तेल ओढते तसं, आणि तिथंच पट्टी जाड होत जाते. स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञानं १९३० च्या सुमारास हे दाखवून दिलं. त्यानं पाण्याच्या जागी बेंझिन वापरलं, जे गोठताना आक्रसतं, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे खेळ ओढून घेतलेल्या द्रवाचा आहे.

तीन गोष्टी एकत्र लागतात: थंडी, खालून मिळणारं पाणी, आणि पाणी ओढणारी बारीक माती. यात गाळवट माती सगळ्यात वाईट. स्वच्छ वाळू-गोटे पाणी ओढत नाहीत, आणि निव्वळ चिकणमातीतून पाणी फार हळू चढतं. म्हणून तिथं दुरुस्ती म्हणजे गाळवट माती काढून स्वच्छ खडी-गोटे भरायचे, डोंगराकडच्या बाजूला चारी खोल करायची, हिवाळ्याआधी भेगा बुजवायच्या. हिवाळ्यात खड्डा पडलाच तर थंड मिश्रणानं तात्पुरता भरायचा आणि पक्कं काम उन्हाळ्यात करायचं. झोजिलासारख्या खिंडींत काही टापूंवर डांबराऐवजी सिमेंटचे एकमेकांत बसणारे ठोकळे लावलेत, ते उचलून खालचं काम करता येतं आणि पुन्हा बसवता येतात.

आणि तिथला रस्ता गोठलेला असताना मरत नाही. गोठलेली माती दगडासारखी मजबूत असते. वितळताना मरतो. वरचा बर्फ आधी वितळतो, खालचा अजून गोठलेला असतो, पाण्याला खाली जायला वाट नसते, आणि मुरमाचा रबडा होतो. त्यावरून ट्रक गेला की संपलं. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० दरम्यान ट्रक फिरवून रस्त्यांची मोठी चाचणी झाली, तिथंही वसंतातल्या वितळण्याच्या आठवड्यांत रस्ते भराभर खचले. थंड देशांत काही ठिकाणी त्या काळात जड वाहनांना बंदी असते ती यामुळे.

पोराला म्हटलं, आपल्याकडं परभणीला पारा कधीमधी चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, जमीन काही गोठत नाही. पण साखळी २/६५० चा तो मुरूम तू मुठीत दाबलास ना? तो तिथल्या वितळलेल्या मुरमाचाच भाऊ. तिथं बर्फ पाणी ओढतो, इथं काळ्या मातीतलं मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी ओढतं आणि फुगतं. त्यांचा वसंत, आपला श्रावण-भाद्रपद.

त्यानं वहीत काढून घेतलं. मला बरं वाटलं.

१४ डिसेंबर

सुधारित प्रस्ताव मंजूर, कापून छाटून. मी ९०० मीटरला चुन्याचं स्थिरीकरण, म्हणजे काळ्या मातीत चुना मिसळून तिचा फुगवटा मोडणं, मागितलं होतं, १८० मीटर मिळालं, सगळ्यात वाईट टापू, २/५७० ते २/७५०. बाकी ठिकाणी भेगा बुजवणं, साइडपट्टी खाली घेणं, चाऱ्या मोकळ्या करणं आणि खड्डे.

आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांची पद्धत, काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची, मला इथं फार हवी होती. पण तो थर मीटरभर जाड लागतो. कालव्याच्या कामाला ते जमतं, गावच्या रस्त्याला तेवढा मुरूम जिंतूरकडून आणायचा तर वाहतुकीतच पैसे संपतील.

१८ डिसेंबर

सकाळी साडेसातला गरम डांबरी मालाचं पहिलं टिप्पर आलं. हवा ८ अंश. १० अंशांच्या खाली डांबराचं काम करायचं नसतं, म्हणून ताडपत्री न काढता थांबवून ठेवलं. साडेनऊला ऊन लागल्यावर मालात तापमापक घुसवला : कडेला ११८, मध्ये १३१. अंथरताना १४० तरी हवं. टिप्पर परत पाठवलं.

चालक चिडला, प्लँटवाल्याचा फोन आला, "एवढं काय, वरून रोलर फिरवा की." मी माझं म्हणणं शांतपणे सांगितलं. थंड माल दाबला जात नाही, आत पोकळ राहतो, पोकळीतून पाणी उतरतं, आणि मग जे खाली आहे ते सगळं पुन्हा सुरू होतं. एका टिप्परचं नुकसान मला सोसवतं, तो टापू पुन्हा खोदणं सोसवत नाही. आता ठरलं आहे : थंडी आहे तोवर पहिलं टिप्पर दहाला निघेल, दुहेरी ताडपत्रीत.

२१ डिसेंबर

आज नळमोरी. ही नोंद लांब होणार.

साखळी २/७०० चा ९०० मिलिमीटरचा पाइप. वरच्या तोंडाचा गाळ जेसीबीनं काढला. खालचं तोंड मात्र दगड आणि पोत्यांनी बंद केलेलं. मुद्दाम. कुणी केलं ते विचारायची गरज नव्हती, पलीकडच्या कापसातून तात्या स्वतःच चालत आले.

"साहेब, ते उघडू नका."

"तात्या, पाणी कुठं जाणार मग?"

"आमच्याच रानातून जायलंय ना ते! तीन वर्सं झाली, बी पेरलं की वाहून जायलंय. तुमचा रस्ता वाचवायचा का माझं रान?"

मी त्यांच्याबरोबर धुऱ्यावर बसलो. त्यांनी दाखवलं, मोरीतून पाणी सरळ त्यांच्या रानात पडतं आणि तिथून पुढं ओघळ नाही. मोरी घालणाऱ्यांनी पाइप टाकला आणि पाणी पुढं नाल्यापर्यंत कसं जाईल ते पाहिलंच नाही. तात्यांनी तोंड बुजवलं ते चुकीचं, पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. त्यांच्या बुजवण्यानं वरच्या बाजूला पाणी तुंबलं, ते रस्त्याच्या पोटात शिरलं, आणि २/६५० चा खड्डा दरवर्षी पडत राहिला.

नाला मोजला, मोरीपासून १४० मीटर. मधे तात्यांचा धुरा आणि पुढं त्यांच्या चुलत्याचं रान. तात्या म्हणाले, "धुऱ्याच्या कडंनं चर काढा, पण माझ्या रानात एक फूटसुद्धा जास्त नको. अन् बैलगाडी जायला पाइप टाकून द्या." चुलत्याला त्यांनीच फोन लावला. संध्याकाळी चुलता आला, दोघांत आधी जुनं काहीतरी निघालं, थोडा आवाज चढला, मग चहा झाला आणि दोरी धरली गेली.

चर अंदाजपत्रकात नाही. जेसीबीचे साडेपाच तास आणि दोन जुने पाइप गुत्तेदारानं आपल्या खिशातून दिले. हे मी इथं मुद्दाम नोंदवतो.

८ जानेवारी

चुन्याचं काम सुरू. डोस प्रयोगशाळेतून ४ टक्के आला, कोरड्या मातीच्या वजनाच्या. २२५ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे साधारण साडेचौदा किलो. रस्ता उकरला, खडी बाजूला रचली, काळी माती मोकळी केली. चुन्याच्या पिशव्या चौकोन आखून ठेवल्या म्हणजे एका चौकोनात एकच पिशवी फुटते, हिशेब चुकत नाही. मिसळायला गावातल्याच एकाचा रोटाव्हेटर भाड्यानं घेतला. दोन फेऱ्या, मग पाणी, मग आणखी दोन.

मजुरांना चष्मे, हातमोजे, तोंडाला फडकी. हाताला, पायाला खोबरेल तेल. चुना घामात मिसळला की कातडी जळते, बायकांच्या पायाच्या बोटांत आधी लागतं. तेलाची बाटली मुकादममामांनी स्वतःच्या ताब्यात ठेवली होती, लावल्याशिवाय कुणाला आत सोडत नव्हते.

९ जानेवारी

रात्रभर माती मुरू दिली. सकाळी हातात घेतली. काल हीच माती बुटाला चिकटून पाय जड करत होती. आज रवाळ, पोह्याच्या चुऱ्यासारखी, बोटांतून सुटणारी. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमसारख्या घटकांची जागा घेतं, कण एकमेकांना धरून गोळा होतात आणि पाण्याची ओढ कमी होते. पुढच्या आठवड्या-महिन्यांत सिमेंटसारखी पकड चढते ती वेगळी. पोराला म्हटलं, मूठ वळ. वळली, पण दाबल्यावर फुटली.

पुन्हा एक रोटाव्हेटर, मग रोलर. सात दिवस वरून पाणी शिंपडत ठेवायचं, गाड्या बंद. उसाच्या ट्रॅक्टरांना शेतातून वळणवाट करून दिली. सगळ्यात मोठं भांडण तिथंच झालं.

१७ जानेवारी ते २६ फेब्रुवारी

या दिवसांत रोजची वही वेगळी आहे, इथं थोडक्यात. १८० मीटरवर मुरूम, खडीकरण आणि वर डांबराचे थर : बीबीएम, कार्पेट, सीलकोट. बाकी टापूंत साइडपट्टी १०० ते १५० मिलिमीटर खाली घेऊन मुरमानं बांधली, बाहेरच्या बाजूला उतार दिला. चाऱ्या ४.८ किलोमीटर मोकळ्या झाल्या.

खड्ड्यांबाबत एकच गोष्ट मनाजोगी झाली. प्रत्येक खड्डा चौकोनी कापला, कडा उभ्या, खाली घट्ट थर लागेपर्यंत. कॉम्प्रेसरनं धूळ उडवली, तळाला आणि चारी कडांना डांबराचं पातळ इमल्शन मारलं, खोल असेल तिथं दोन थरांत भरलं, कडेकडून मधे दाबत आणलं. पहिल्या दिवशी मजूर म्हणायचे "कडंला कशाला ब्रश मारायचा, दिसत नाही ते." चौथ्या दिवशी न सांगता मारायला लागले.

उसाच्या गाड्यांचं लिहायचं राहिलं. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकेल एवढा ऊस. इलिनॉयच्या त्याच चाचणीतून निघालेला ढोबळ नियम असा की एक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचं नुकसान दुप्पट न होता सोळापटीजवळ जातं. ऊस कारखान्यावर जाणारच, त्यावर शेतकऱ्याचं वर्ष अवलंबून आहे. पण हंगाम सुरू होतो तेव्हा पावसाळ्याचं पाणी रस्त्याच्या पोटात असतं. निदान पाणी तरी आधी काढलं पाहिजे, एवढंच माझ्या हातात आहे.

२२ एप्रिल

ऊन ४१ अंशांवर. शेतातल्या भेगांत विळा मुठीपर्यंत जातो. रस्त्यावर तपासलं. बुजवलेल्या ३४ भेगांपैकी पाच पुन्हा केसाएवढ्या उघडल्या, पाचही बाभळींच्या जवळ. आज गरम सीलंट ओतून पुन्हा बुजवल्या. पाऊस पडायच्या आत हे झालं याचा आनंद आहे. झाडं तोडायचा विषय मी काढला नाही. त्या बाभळींखाली वेचणीच्या बाया दुपारी जेवतात.

चुन्याच्या १८० मीटरवर एकही भेग नाही.

१९ जून

काल रात्री पहिला मोठा पाऊस. सकाळी सहाला मोरीवर पोचलो तर तात्या आधीच उभे. पाणी गढूळ, पाइपाच्या निम्म्यापर्यंत, आवाज करत पलीकडं पडत होतं आणि चरातून धुऱ्याकडेनं नाल्याकडं चाललं होतं. चरात एका ठिकाणी काठ ढासळला होता, तात्यांनी खोऱ्यानं आधीच नीट केला होता.

"रान कसं आहे?"

"सोयाबीन उभं हाय साहेब. या, बघा."

बघितलं. ओळी सरळ होत्या. चप्पल चिखलात गेली ती तिथंच ठेवून अनवाणी फिरलो.

२७ जुलै

साखळी २/६५० ला पुन्हा डीसीपी. स्थिरीकरणाच्या थराच्या खालच्या मूळ मातीत एका ठोक्याला ३१ मिलिमीटर. डिसेंबरात ९० होता. भर पावसाळ्यात हा आकडा मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून तीन वेळा घेतला.

पण साखळी ३/४५० ला रस्ता खचलाय. आडवी पट्टी, दीड फूट रुंद, हाताच्या वितीएवढी खोल. आमच्या नूतनीकरणावरूनच. आधी मला स्वतःच्या कामाची शंका आली, रात्री झोप लागली नाही. सकाळी उकरलं तर खाली पाण्याच्या पाइपलाइनची चारी निघाली. आमचं काम व्हायच्या आधी कुणीतरी रस्ता आडवा कापून पाइप टाकला आणि चारी त्याच काळ्या मातीनं भरून दिली, दाबलीसुद्धा नाही. मी त्यावर खडी आणि डांबर घातलं. नोव्हेंबरात चाललो तेव्हा ती आडवी रेघ मला दिसली होती, चुन्याची खूणही केली होती, पण जुना पॅच समजून पुढं गेलो. ही चूक माझी.

अशा आणखी तीन रेघा आहेत, १/२२०, ४/०८० आणि ५/६१०. आज तिन्ही ठिकाणी सळई घालून पाहिली, १/२२० लाही माती मऊ लागली. दोन्ही उकरायच्या : काळी माती पूर्ण बाहेर, पाइपाभोवती वाळू, वर थराथरानं मुरूम, प्रत्येक थर दाबून. डांबर पाऊस उघडल्यावर, तोवर वर खडी. गुत्तेदाराला कळवलं आहे, ते म्हणाले करा. मुरमाचं टिप्पर उद्या सातला येईल. तात्यांच्या चुलत्यानं रात्री राखणीला माणूस देतो म्हणून सांगितलंय, कारण चारी उघडी असताना अंधारात कुणी मोटारसायकलवरून यायला नको.